सही तुझी, काम माझं

रोडपाली, पनवेल
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सॅम्युअल,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरला असशील. घाबरू नकोस, घरात सगळे ठीक आहेत. आशाचा गुडघा कुरकुरतो, माझी साखर थोडी वर असते, बाकी काही नाही. तुमच्या नव्या वर्षाला, रोश हशानाला, फोन केला तेव्हा आपण पाच मिनिटं बोललो. तुझ्या लेकीच्या, लियोराच्या बाळाचे दात, तिकडचे सायरन, इकडचा पाऊस. फोन ठेवल्यावर आशा म्हणाली, "आजही नाही सांगितलंत ना?" नाही सांगितलं. फोनवर मला जमत नाही. मी कुठे सुरुवात करतो न करतो तोच तू हसतोस, "अरे सोड ना, प्रभाकर" म्हणतोस आणि मी खरोखरच सोडून देतो. म्हणून लिहायला बसलो आहे. रविवार आहे, गाळा बंद आहे, आशाने दार लोटून घेतलं आहे आणि मला कुणी हाक मारायची नाही असा घरात हुकूम आहे.

आधी गाळ्याची बातमी देतो. दोन वर्षांपासून आमची रुचिरा माझ्याबरोबर काम करते हे तुला माहीत आहे. पण ती कशी काम करते ते तुला बघायला हवं होतं. दोरीच्या शिडीवरून जहाजावर चढताना आपण दोघं शंभरदा खाली बघायचो. ही पोरगी पाठीवर लॅपटॉपची पिशवी घेऊन सरसर वर जाते. आता नवी यंत्रं आली आहेत. जहाज कुठल्या रेघेवरून न्यायचं ते पडद्यावर आखून दिलं, की ऑटोपायलट उपग्रहाकडून जागा विचारून घेतो आणि प्रवाहाने बाजूला ढकललं तरी जहाज त्या रेघेवर परत आणतो. रुचिरा ते सगळं बोटांनी पडद्यावर करते. मी मागे उभा राहून मान डोलावतो. पण जहाजाच्या शेपटाकडची सुकाणूची खोली मात्र तशीच राहिली आहे, तोच तेलाचा वास, तोच कानठळ्या बसवणारा पंप. तिथे गेलं की मला अजून काम येतं असं वाटतं.

हे काम मला तू शिकवलंस. मी चोवीस वर्षांचा, पनवेलच्या बाजारात टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. तू मला पहिल्यांदा जहाजावर नेलंस आणि विचारलंस, "हे सरळ कसं जातं, सांग." मी म्हणालो, "सुकाणू सरळ धरलं की." तू हसलास आणि जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर मला सुकाणूच्या काट्यासमोर उभं केलंस. काटा एक क्षण स्वस्थ नव्हता. दोन अंश डावीकडे, एक अंश उजवीकडे, परत डावीकडे. तू समजावून सांगितलंस, की समुद्र जहाजाचं नाक सारखं ढकलत असतो. होकायंत्र सांगतं नाक कुठे आहे, आपण सांगितलेलं असतं कुठे हवं, आणि ऑटोपायलट त्या दोहोंतला फरक काढून तेवढं सुकाणू वळवतो. नाक जागेवर यायच्या आतच थोडं उलटं वळवतो, नाहीतर ते पलीकडे जाईल. आणि लाटा मोठ्या असतील तर प्रत्येक हेलकाव्याला उत्तर देत नाही, नाहीतर सुकाणूचं यंत्र झिजून जाईल. परत येताना उरणच्या रस्त्यावर तू स्कूटर चालवत होतास. मागे वळून म्हणालास, "हँडल किती वळलंय हे हातांना कळलंच नाही, तर काय होईल?" मी म्हणालो, "आपण वळवतच राहू." तू म्हणालास, "आणि खाडीत जाऊ. ऑटोपायलटचे ते हात म्हणजे मागच्या खोलीतला दांडा. सुकाणू किती वळलं हे त्याला तो दांडा सांगतो. तो सुटला तर सगळं संपलं." नवशिक्या कुणी आला की मी आजही हे शब्दाला शब्द तसंच सांगतो. तुझं नाव मात्र सांगत नव्हतो.

ऑगस्टमध्ये एक गोष्ट घडली. रुचिरा एकटीच न्हावा शेव्याला एका कंटेनर जहाजावर गेली होती. मागच्या खोलीतला तो दांडा जोडणारा सांधा तिने बदलला, चाचणी घेतली, रिपोर्टवर 'काम पूर्ण' लिहून कॅप्टनची सही घेतली आणि व्हॅनमधून परत निघाली. जासईला ट्रेलरांची रांग लागली होती. गाडी हलत नव्हती म्हणून ती हत्यारांची पिशवी आवरायला बसली, आणि तिला पिशवीत एक कॉटर पिन सापडली. नवी, न वाकवलेली. सांध्याचा नट फिरून निघू नये म्हणून त्याच्या आरपार घालतात ती. नट तिने घट्ट पिळला होता, पिन घालायची राहिली होती. जहाज तासाभरात सुटणार होतं.

तिने मला फोन केला. "बाबा, पिन राहिली."

सॅम्युअल, माझ्या तोंडून जे निघालं ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "कुणाला काही बोलू नकोस. एजंटला सांग, बॅटरीचं एक रीडिंग परत घ्यायचंय, म्हणून जहाजावर जायचंय. वर गेल्यावर गुपचूप पिन घाल आणि ये."

पलीकडे ट्रेलरांचे भोंगे वाजत होते. आपल्या ऐकण्यात काही चुकलं असावं अशा आवाजात ती म्हणाली, "पण बाबा, तसं का सांगू? पिनच राहिलीय ना." आणि तिने फोन ठेवला.

तिने सरळ कॅप्टनला फोन लावला. जहाज धक्क्यावरून सुटायच्या तयारीत होतं. कॅप्टन खवळला. "तुमच्यामुळे माझं जहाज थांबवू?" ही म्हणाली, "हो सर, माझ्यामुळेच." कॅप्टन म्हणाला, पिन काय, माझा इंजिनिअर घालेल. ही म्हणाली, "ती त्यांनी जरूर घालावी. पण माझ्या रिपोर्टवर 'काम पूर्ण' लिहिलंय आणि ते खोटं आहे. परत चाचणी होऊन तो रिपोर्ट बदलेपर्यंत ऑटोपायलट लावू नका." इंजिनिअरने नटाला तात्पुरती तार गुंडाळली, जहाज बाहेर नांगरावर थांबलं. ही भाड्याची लाँच करून पाठोपाठ गेली. समुद्र खवळलेला होता, शिडी लाँचवर आपटत होती, लाँचवाला नको म्हणत होता. वर जाऊन तिने पिन घातली, तासभर चाचणी घेतली आणि नव्या रिपोर्टवर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पिन बसवायची माझ्याकडून राहिली होती.' खाली सही. दोन दिवसांनी कंपनीची ईमेल आली. पानभर झापलं होतं. शेवटी एक ओळ होती: पुढच्या वेळीही याच इंजिनिअरला पाठवावे.

रुचिरा ती ओळ आईला वाचून दाखवत होती आणि मी जेवणाच्या ताटावरून उठलो. आशा मागोमाग आली. म्हणाली, "पोरीचं कौतुक करायचं सोडून असे का उठलात?" तेव्हा बाल्कनीत उभा राहून मी तिला 'नीलतारा'ची गोष्ट सांगितली. अर्धी तिला माहीत होती. अर्धी तुलाही माहीत नसेल असं तेव्हा मी समजत होतो.

एप्रिल महिना, शुक्रवार, चौदा वर्षांपूर्वीचा. 'नीलतारा' म्हणजे सिमेंट वाहणारं जुनं जहाज, आपण वर्षानुवर्षं त्याची देखभाल करायचो. तू ब्रिजवर होतास, मी मागच्या खोलीत. तोच सांधा. तू वॉकीटॉकीवर विचारलंस, "पिन घातलीस?" आणि मी म्हणालो, "घातली, चल." तू रिपोर्टवर सही केलीस. जहाजांवर हे काम करायची मंजुरी तुझ्या नावावर होती, त्यामुळे सही नेहमी तुझी, काम कुणाचंही. कितीतरी वर्षं मी मनाची समजूत घालत आलो, की ती घाई तुझ्या शब्बाथमुळे झाली, तुला दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं होतं म्हणून. खोटं आहे हे. तू एकदाही घाई कर म्हणाला नव्हतास. घाई माझी होती. याच रोडपालीच्या फ्लॅटची चावी मला सहाच्या आत घ्यायची होती, बिल्डरचं ऑफिस बंद होणार होतं.

नऊ दिवसांनी 'नीलतारा' परत येत असताना, खांदेरीच्या बाहेर, सकाळी, नट गळून पडला. दांडा सुटला. ऑटोपायलटला वाटलं सुकाणू वळलेलंच नाही. तो वळवत राहिला, वळवत राहिला. सुकाणू टोकाला गेलं आणि एवढं मोठं जहाज गर्रकन फिरलं. ब्रिजवरच्या माणसाने ऑटोपायलट काढून हाताने सुकाणू मागे आणलं, पण तोवर करंज्याची एक मासेमारी होडी आडवी आली होती. दोघांनी पाण्यात उड्या टाकल्या म्हणून वाचले. तिसरा, होडीचा मालक दयाराम, दोर सोडवत राहिला. त्याचा उजवा हात होडीच्या काठात सापडला.

चौकशीत त्यांनी विचारलं, मागच्या खोलीत काम कुणी केलं? मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होतो. तू म्हणालास, "सही माझी आहे. जबाबदारी माझी." मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत बसलो. त्यांनी परत विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुझी मंजुरी गेली. त्या संध्याकाळी गाडीत मी तुला म्हणालो, "पिन घातली होती रे मी. तुटली असेल." तू 'हो' म्हणून मान हलवलीस. वर्षाच्या आत तुम्ही देश सोडून अश्दोदला गेलात. लोकांना मी सांगायचो, त्यांचं जायचं आधीपासून ठरलंच होतं. एस्थर वहिनींनी निघण्याआधी मलिदा केला, प्रसादाचं ताट आपल्या हाताने माझ्या घरी आणून दिलं, आणि मी ते खाल्लं. जहाजांचा एवढा जाणता माणूस तिकडे इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतोय हे ऐकलं तेव्हा मी "वा, छान" म्हणालो.

आता ते लिहितो जे आशालाही त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. पिन तुटली नव्हती. त्या शुक्रवारी संध्याकाळी मी नव्या फ्लॅटच्या दारात उभा राहून चावी काढायला शर्टाच्या खिशात हात घातला, आणि चावीबरोबर पिन बाहेर आली. आशा आत जाऊन खिडक्या उघडत होती, रुचिरा मोकळ्या खोल्यांतून पळत होती. मला कळलं. 'नीलतारा' सुटून दोन तासही झाले नव्हते. एक फोन पुरला असता. मी विचार केला, नट घट्ट आहे, जहाज परत आलं की घालू. पिन बाल्कनीतून खाली टाकली. नंतर नऊ दिवस होते माझ्या हातात, सॅम्युअल. नऊ दिवसांत एक फोन. विसरणं ही चूक होती, ती कुणाच्याही हातून होते, आता रुचिराच्याही हातून झाली. पण ते नऊ दिवस म्हणजे चूक नव्हती. आणि नंतरची चौदा वर्षं तर नव्हतीच.

मग रुचिराला सांगितलं. दोन दिवस ती गाळ्यावर कामापुरतं बोलत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीची किल्ली घेऊन समोर उभी राहिली. "चला, बाबा." कुठे ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दयाराम करंज्याच्या जेट्टीवर बर्फाच्या गाड्यांची नोंद ठेवतो. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, जाळं ओढता येत नाही, म्हणून होडी विकली. मी त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं, खिशातल्या पिनसकट.  तो म्हणाला, "चौदा वर्सं लागली तुमाला?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "तुमचा जोडीदार चौदा दिसांत आलता."

मला काही समजेना. त्याने सांगितलं, की तू चौकशी संपायच्याही आधी त्याच्याकडे हॉस्पिटलात गेला होतास, एस्थर वहिनींना घेऊन. पुढे परदेशी जाईपर्यंत दर आठवड्याला जात होतास, मलमपट्टीला त्याला स्कूटरवरून नेत होतास. दयाराम म्हणाला, "बोल्ला, पिन आमच्याकडनं राह्यली. मी इचारलं, आमच्याकडनं म्हंजे कोनाकडनं? तर बोल्ला, आमी दोगं एकत्रच काम करतो. वेगलं नाय सांगता येत."

पिन राहिली, असं तू म्हणालास. तुटली असं नाही. म्हणजे गाडीतल्या त्या संध्याकाळीही तुला माहीत होतं. तू सांध्याची ती बिनओरखड्याची भोकं बघितली असतील, तुला कळायला कितीसा वेळ. तरी तू मान हलवलीस. चौदा दिवाळ्या मला फोन केलेस. मी जेट्टीवर माणसांदेखत रडलो. रुचिराने माझ्या पाठीवर हात ठेवला, तीन दिवसांत पहिल्यांदाच. दयारामने चहा मागवला. मला माफ केलं असं काही तो म्हणाला नाही, मीही तशी अपेक्षा केली नाही. मी निघताना एवढंच बोलला, "पोरगी कामाची हाय तुमची. तिला बिगडवू नका."

त्यानंतरच्या सोमवारी मी मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात गेलो आणि लेखी कबुली दिली. टेबलापलीकडचा अधिकारी तरुण होता, 'नीलतारा'चं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याने दोनदा विचारलं, "हे आता का?" पण जुनी फाइल शोधून काढली. प्रकरण पुन्हा उघडलं आहे. माझी मंजुरी बहुतेक जाईल, निदान वर्षभर तरी. गाळा तेवढे दिवस बंद राहील. मला वाटलं होतं रुचिरा खचेल. तिने उरणच्या एका फर्ममध्ये मदतनीस म्हणून बोलणंही करून ठेवलं आहे. म्हणते, "एक वर्ष काय, बाबा. जायरो होकायंत्राचं काम मला नीट येत नाही, तेवढ्यात ते शिकून घेते. मग आपण माझ्या नावाने मंजुरी काढू." आशा तिच्या डब्याची काळजी करते आहे. आणि मला, खरं सांगतो, भूक लागायला लागली आहे. आम्ही दोघांनी पासपोर्टला अर्ज केला आहे. तिकडे जरा शांत झालं की तुझ्या दारात येऊन उभा राहीन. माफी मी तिथे मागेन, तुझ्या आणि वहिनींच्या समोर. ती कागदावर उरकायची नाही.

हे पत्र त्यासाठी नाही. ते ज्यासाठी आहे ते आता सांगतो. महिन्याभरात तुला त्या संस्थेची ईमेल येईल. ते विचारतील, त्या दिवशी मागच्या खोलीत कोण होतं, पिनबद्दल तुम्हाला काय सांगण्यात आलं, नंतर तुम्हाला काय कळलं. मी तुला तीस वर्षं ओळखतो. तू लिहिशील, फार जुनी गोष्ट आहे, नीट आठवत नाही, सही माझी होती. तसं लिहिलंस तर माझी कबुली एकट्याची पडेल, फाइल पुन्हा मिटेल आणि तुझ्या नावावरचा डाग तसाच राहील. तो अधिकारी मला म्हणाला, सॅम्युअल पेणकरांनी दुजोरा दिला तरच जुना निकाल बदलता येईल. तेव्हा या एका वेळी मला सांभाळून घेऊ नकोस. 'आम्ही' लिहू नकोस. काय झालं ते एकेक करून लिही, आणि माझं नाव पूर्ण लिही: प्रभाकर विष्णू दातार.

तू अजून आपला मानशील तर, तुझाच,
प्रभाकर